उलट्या देवळाचे शांतवन काका

शांतवन काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी "या, बसा" म्हणायच्या आत त्यांनी दारातच उभं राहून विचारलं, "पूर्व कुठंय?"

मी नाशिकची. पाहुण्याला पाणी विचारावं, चहा विचारावा, हे मला शिकवलेलं. पाहुणा पूर्व विचारेल हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या इमारतीत चार वर्षं काढूनही आमच्या घरात पूर्व कुठल्या बाजूला आहे हे मला माहीत नव्हतं आणि माझा नवरा मिलिंद तर दवाखान्याच्या लॅबमधून घरी येतो तोच झोपायला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एसीच्या पेट्या दिसतात. त्यांच्यामागे सूर्य उगवतो की मावळतो, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

काका तसेच खाली गेले आणि हारिसला घेऊन वर आले. हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार, आमचा इजिप्तचा आहे. दिशा विचारणारा माणूस त्याच्या दृष्टीनं एकाच कारणासाठी विचारणार, म्हणून त्यानं मोठ्या आदरानं मक्केची दिशा दाखवली. काकांनी डोळे मिटून बोटांवर हिशेब केला. "मक्का इथून नैर्ऋत्येला. म्हणजे पूर्व तुमच्या फ्रिजच्या मागं." मग ते फ्रिजकडे तोंड करून खुर्चीत बसले आणि निवांत चहा प्यायले. हारिस बिचारा पुढचे दोन महिने काकांकडे फार आशेनं बघत असे.

तसे आम्ही एकमेकांना आधीपासून ओळखत होतो. मी मीना अब्दुल्ला या रिफायनरीच्या गावात एका कंत्राटदार कंपनीत पायपिंगची ड्रॉइंग्ज करते आणि काका तिथेच इन्स्पेक्शनला आहेत. माझी ड्रॉइंग्ज त्यांच्याकडे जात आणि त्यांच्याकडून लाल शाईत न्हाऊन परत येत. शांतवन साळवे हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका भल्यामोठ्या 'नापास'च्या खाली. बाकीचे इंग्रजीत शेरे मारतात, पण मराठी माणसाचा कागद असला की काका मराठीतच नापास करतात. आपुलकी म्हणून. पुढे ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले, आणि आपुलकी घरापर्यंत आली.

त्यांच्या जगात प्रत्येक गोष्ट एक तर पास असते, नाही तर नापास. काम संपत आलं की राहिलेल्या दोषांची जी यादी करतात तिला आमच्याकडे पंच लिस्ट म्हणतात. त्यात 'ए' पंच म्हणजे हा दोष काढल्याशिवाय प्लँट चालू करायचा नाही, आणि 'बी' पंच म्हणजे चालू करा, मागाहून बघू. माझ्या आमटीला काकांनी एकदा निकाल दिला, "पास. एकच बी पंच. गूळ." दिवाळीच्या चकल्यांना तीन बी पंच आणि एक ए पंच होता, तो मी इथे सांगणार नाही. आमची सई सात वर्षांची. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देते. पुढचा दात पडला तेव्हा काकांसमोर तोंड उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ॲम आय पास?" काकांनी चष्मा चढवून नीट तपासणी केली. "बी पंच. आपोआप क्लिअर होईल."

पण कामात त्यांच्यासमोर कुणाचं काही चालत नाही. एकदा पाइपच्या एका जोडावर सही करावी म्हणून मोठे साहेब स्वतः खाली आले होते. काका म्हणाले, "तोंडी नको. जोड ठीक आहे असं तुम्ही कागदावर आणा, मग बघू." साहेबांनी काही कागदावर आणलं नाही. भर उन्हात चार तास काका त्या पाइपशेजारी उभे राहिले, आणि शेवटी जोड कापून नवा केला तेव्हाच सही झाली. नवीन पोरं त्यांना घाबरतात. मीही घाबरायची, ते देवळाबद्दल बोलायला लागेपर्यंत.

काका नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्यातले, ख्रिस्ती. तिकडचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे पहिले काही महिने मला वाटायचं हे ग्रामदैवताबद्दल बोलतायत. देऊळ आहे अँग्लिकन, म्हणजे विलायतेच्या पंथाचं, आणि केवढंसं, तर शंभर माणसं दाटीवाटीनं बसतील एवढं. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या. वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. बाहेर दोन दगडी खांबांमध्ये टांगलेली घंटा. यात वेगळं काय, असं मी एकदा विचारून बसले, आणि दुपारचा स्वयंपाक राहिला.

वेगळं असं, की हे देऊळ उलटं आहे. विलायती पद्धत अशी, की वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला. लोक आत आले की त्यांची तोंडं आपोआप पूर्वेला. इंग्रजांच्या काळात पाद्रीसाहेबांनी तसा नकाशा काढला, गावातल्या गवंड्याच्या हाती दिला आणि उन्हाळ्याचे दिवस थंड हवेच्या ठिकाणी काढायला ते निघून गेले. गवंडी म्हणजे काकांचा पणजा. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, पण देवळं बांधता येत होती. त्याच्या बापजाद्यांनी पंचक्रोशीतली सगळी देवळं बांधलेली. देवळाचं दार पूर्वेला असतं, सकाळचं ऊन देवाच्या तोंडावर पडतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं विचार केला, साहेब दमलाय, नकाशा उलटा काढलाय, आपण सांभाळून घेऊ.

"आणि सांभाळून घेतलं!" काका मांडीवर थाप मारून सांगतात. "नुसतं दार नाही. नकाशात भिंतीला बाहेरून आधार द्यायला चौकोनी धिरे होते. पणजा म्हणाला, हे काय, याला जोर कुठंय? त्यानं गढीला असतात तसे बुरूज बांधले. गोल. सहाच्या सहा. खिडक्यांना टोकदार कमानी दाखवल्या होत्या. त्यानं महिरपी घडवल्या, आणि प्रत्येक कमानीच्या मधल्या दगडावर कमळ."

"कमळ? चर्चवर?"

"मग कमान बंद कशानं करायची?" हे काकांनी पणज्याच्या वतीनं, जरा चिडूनच विचारलं.

पाद्रीसाहेब परत आले तेव्हा भिंती खिडक्यांपर्यंत चढल्या होत्या. साहेबांनी देवळाला एक फेरी मारली. मग ते एका दगडावर बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि नकाशा पुन्हा उघडून बघितला. पणजा हात जोडून समोर उभा. आता हा पाडायला लावणार, आपली अब्रू जाणार. शेवटी साहेब उठले, दारातून आत येणाऱ्या उन्हाकडे बघितलं आणि म्हणाले, "ऊन चांगलं येतंय. वर चढव." पणज्यानं नंतर आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. "लोकांना वाटतं आम्ही उपदेश ऐकून ख्रिस्ती झालो," काका सांगतात. "उपदेश कुणी ऐकलाय? तो माणूस रागावला नाही, म्हणून झालो."

आता गंमत अशी, की जुन्या अँग्लिकन रीतीत विश्वासांगीकार म्हणताना, म्हणजे 'मी देवावर विश्वास ठेवतो' ही प्रतिज्ञा म्हणताना, सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करायचं असतं. इतरत्र लोक आधीच पूर्वेकडे बघत असतात, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. काकांच्या गावात मात्र दर रविवारी विश्वासांगीकार सुरू झाला की अख्खी मंडळी उठून वेदीकडे पाठ फिरवते आणि उघड्या दाराकडे तोंड करून उभी राहते. समोर बाजरीचं शेत, बांध आणि कुणाच्या तरी शेळ्या. पाळकसाहेबही पाठमोऱ्या लोकांमागे उभे राहून शेताकडे बघतच प्रतिज्ञा म्हणतात. पंचक्रोशीत या लोकांना 'उलट्या देवळाचे' म्हणूनच ओळखतात.

काकांची सवय कुवेतमध्येही गेली नाही. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारी होते. एका मोठ्या आवारात निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या आपापल्या खोल्यांत जमतात. नाताळात काकांनी आम्हाला बोलावलं होतं, तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. प्रतिज्ञा सुरू झाली, सगळे समोर बघतायत आणि एकटे काका गर्रकन वळून भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे तोंड करून उभे. पाळक नवीन होते. आपलं काही चुकलं म्हणून हे निषेध करतायत असं वाटून ते दोन ओळी विसरले.

"काका, एवढं काय अडतं वळल्याशिवाय?" परतताना गाडीत मिलिंदनं विचारलं.

काका खुशीत होते. म्हणाले, "अरे, बायको मिळाली मला वळल्यामुळं."

त्यांच्या देवळात पुरुष पुढे आणि बायका मागे दाराजवळ सतरंजीवर बसत. तरुण पोरानं मान वळवून मागे बघणं म्हणजे आफत. पण विश्वासांगीकाराला वळायचं हे तर धर्मानंच सांगितलेलं. सगळे वळले की बायका पुढे आणि पुरुष त्यांच्या मागे. त्यामुळे काकांना एस्तेर दर रविवारी मिनिटभर दिसायची, तीही पाठमोरी. "वेणी बघून होकार दिला मी," काका म्हणाले. "तोंड साखरपुड्याला बघितलं. पास!" आणि मग काच खाली करून बाहेर बघायला लागले.

एस्तेरकाकूंबद्दल ते एवढंच बोलत. त्या गावीच राहिल्या, कुवेतला कधी आल्या नाहीत. आधी काकांच्या हातात कुटुंबाला आणता येईल असा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्हता, आणि इकामा आला तोवर काकांची आई अंथरुणाला खिळलेली. मूलबाळ झालं नाही. सात वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हा काका शटडाउनमध्ये, म्हणजे रिफायनरी बंद ठेवून करतात त्या दुरुस्तीत, अडकले होते, पोचले ते तिसऱ्या दिवशी. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी ते दरवर्षी मुदत वाढवून घेत. का, असं विचारलं तर म्हणत, "जाऊन करू काय? भिंतींशी बोलू?"

गेल्या फेब्रुवारीत अनिल मास्तरांचा निरोप आला. मास्तर म्हणजे काकांचे बालमित्र, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि देवळाच्या पंचमंडळाचे चिटणीस. पंचमंडळानं नगरचा एक आर्किटेक्ट आणला होता. त्याचं म्हणणं, इमारत धोकादायक आहे, पाडून स्लॅबचं नवं चर्च बांधा. नकाशाही त्यानं देऊन टाकला. त्यात वेदी पूर्वेला होती, दार पश्चिमेला. सगळं जिथल्या तिथे.

मी काकांना इतकं खचलेलं कधी बघितलं नव्हतं. "म्हणजे कुणाला वळायलाच नको," ते म्हणाले.

मास्तरांनी कसंबसं एवढं पदरात पाडून घेतलं, की पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या रविवारी बैठक आहे, त्याआधी शांतवननं तपासणीचा अहवाल आणि आहे त्या इमारतीचा नीट मापांचा नकाशा द्यावा. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर पंच विचार करतील. गावातला एकुलता एक इंजिनिअर म्हणून त्यांचा शब्द मानायला सगळे तयार होते. काकांनी लगेच रजेचा अर्ज केला. पण नेमकं शटडाउन तोंडावर आलेलं, सगळ्यांच्या रजा रद्द. दोन महिने हातात होते आणि देऊळ समुद्रापलीकडे.

मग त्यांनी फोनवरून तपासणी केली. कारखान्यात अशी कल्पना मी काढली असती तर त्यांनी मला नापास केलं असतं. शुक्रवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर फोन उभा केला, कारण त्यांच्या खोलीत रेंज नीट येत नाही. पलीकडे मास्तर हातोडी घेऊन उभे.

"ठोक. अजून खाली. डावीकडं ये." काका डोळे मिटून ऐकत. "भरीव आहे. पुढं."

"शांतवन, हात दुखायला लागला रे."

"दुखू दे. पुढं. आणि ती शेळी बाहेर काढ आधी, तिच्यामुळं नीट ऐकू येईना."

तीन शुक्रवार चाललं हे. बुरूज ठणठणीत, दाराची भिंत ठणठणीत, कैच्यांपैकी दोन वाळवीनं खाल्लेल्या. आणि मग वेदीमागची पश्चिमेची भिंत. मास्तरांनी ठोकलं आणि मलासुद्धा कळलं, आवाज वेगळा आला. काकांनी पुन्हा ठोकायला लावलं. पुन्हा. मग म्हणाले, "बस्स, मास्तर. जेवायला जा."

ती भिंत आतून पोकळ झाली होती. पावसाचं पाणी शिरून चुना वाहून गेलेला. काकांनी अहवालात पहिल्याच ओळीत लिहिलं: पश्चिम भिंत, ए पंच, ती उतरवून पुन्हा बांधल्याशिवाय आत उपासना घेऊ नये.

मी कागद उचलून त्यांच्यासमोर धरला. "काका, हे वाचलं की ते पाडणारच. थोडं सौम्य लिहा ना. बैठक होऊ दे, मग सांगा."

"पोकळ आहे त्याला भरीव लिहू? उद्या ती भिंत बायकापोरांच्या अंगावर आली तर?"

"मग उरलेलं तरी जरा ठळक लिहा."

"लिहिलंय ना. बाकी सगळं पास." आणि मग, अगदी हळू, "एवढ्यावर समजलं तर समजलं त्यांना." त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

उरला होता नकाशा. अहवालाचा सगळा भार आता त्यावर होता. एकच भिंत तेवढी गेली आहे, बाकी सगळं शाबूत आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. मी म्हटलं, मास्तरांकडून टेपनं मापं मागवू, मी रात्रंदिवस बसून काढते. काका म्हणाले, "मापं आहेत माझ्याकडं." आणि वरून एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले.

वही उघडली आणि मी चकित झाले. देवळाचा प्रत्येक कोपरा त्यात होता. प्रत्येक खिडकीची रुंदी, उंची, काठाची जाडी. एका बुरुजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंतचं अंतर. वेदीच्या पायऱ्या. घंटेच्या खांबांचा घेर. पण मापं फुटात नव्हती, मीटरमध्ये नव्हती. दार सात वीत. खिडकी चार वीत दोन बोटं. सगळी वही वितीत.

आता शाळेत शिकलेलं मला आठवत होतं, वीत म्हणजे नऊ इंच. मी तोच हिशेब धरला आणि दोन संध्याकाळी बसून नकाशा काढला. काकांनी कागद हातात घेतला आणि दुसऱ्या क्षणाला परत केला. "नापास. हे देऊळ नाही, गोदाम आहे. केवढं मोठं केलंस!"

"वहीतलीच मापं आहेत, काका. नऊ इंचांची वीत धरली."

"नऊ इंच बाप्याची वीत."

"बरं, मग माझी धरू?" मी पट्टीवर हात ताणला. "एकशे पंच्याण्णव मिलिमीटर."

"तुझी नको." काकांनी वही आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "एकशे ब्याऐंशी धर."

"ब्याऐंशी? इतकं नेमकं कसं?"

काकांनी माझी स्टीलची पट्टी ओढून घेतली. आपला अंगठा शून्यावर ठेवला, पंजा ताणला आणि डाव्या हाताच्या नखानं करंगळीच्या शेवटच्या पेरावरची रेघ दाखवली. "तिची करंगळी इथं यायची." मी वाकून वाचलं. एकशे ब्याऐंशी.

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर ते जेमतेम तीन महिने गावात होते, तेव्हा एकदा दोघांनी पंजाला पंजा लावून बघितला होता. नंतर कुवेत. त्या काळात गावात एकच फोन, वाण्याच्या दुकानात. काका शुक्रवारी कुवेत शहरात मिरकाबच्या टेलिफोन केंद्रात रांगेत उभे राहायचे, तिकडे काकू दुकानात येऊन बसायच्या. आणि फोन आला की अर्धं गाव भोवती. वाणी, वाण्याची आई, दळणाला आलेल्या बायका, सासूबाई. "नवरा-बायकोनं बोलायचं काय, सांग? जेवलीस का, जेवलो. पाऊस आहे का, नाही. संपलं! मग एकदा मी विचारलं, आपल्या देवळाची खिडकी किती वीत भरेल गं? ती म्हणाली, बघून सांगते. पुढच्या शुक्रवारी सांगितलं, चार वीत दोन बोटं. लोकांना वाटलं, इंजिनिअरचं काही काम असेल. कुणी हसलं नाही. मग दर शुक्रवारी एक माप."

"वर्षभर?"

"अकरा वर्षं. घरी फोन येईतो." काका वहीवरून हात फिरवत होते. "देऊळ केवढंसं, पोरी. मला धास्ती असायची, मोजून संपेल. खिडक्या संपल्या तर बुरूज मोजायला लावले. बुरूज संपले तर त्यांच्यामधली अंतरं. पायरीचे दगडसुद्धा एकेक मोजायला लावले. तिलाही कळत होतं. एकदा म्हणाली, आता कौलं मोजू का?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "घरी फोन आल्यावर मोकळेपणानं बोलता आलं असेल," मी म्हटलं.

"आलं. पण दोघांनाही सवय नव्हती. तेव्हाही देवळाचंच बोलायचो." मग त्यांनी चष्मा पुसला. "सुट्टीला जायचो तेव्हा टेप असायची बॅगेत. लावली नाही कधी. तिनं मोजलेलं मी पुन्हा कशाला तपासू?"

आयुष्यभर कुणाच्याही मापावर दुसऱ्यांदा पट्टी लावल्याशिवाय सही न करणारा माणूस हे म्हणत होता. पण हा नकाशा पंचांपुढे जायचा होता, म्हणून माझ्या आग्रहानं त्यांनी मास्तरांना फोन लावला आणि फक्त दाराची रुंदी टेपनं घ्यायला सांगितली. सात गुणिले एकशे ब्याऐंशी, बाराशे चौऱ्याहत्तर मिलिमीटर. मास्तर टेप ताणून म्हणाले, "चार फूट दोन इंच. वर एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, असं धरून मी कॅल्क्युलेटर दाबला. बाराशे त्र्याहत्तर. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले.

नकाशा मी चार दिवसांत पूर्ण केला. बुरूज, महिरपी, कमळं, सगळं. खाली उजव्या कोपऱ्यात नावांची चौकट असते. आरेखन, तिथे माझं नाव. तपासणी, तिथे काकांची सही. मापं घेणार, ही ओळ मी रिकामी ठेवली आणि पेन त्यांच्यापुढे केलं. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: ए. शां. साळवे.

बैठकीच्या रविवारी आम्ही कामावरून आलो तसे सगळे आमच्या टेबलाभोवती बसलो. मिलिंदही झोपला नाही. फोन आला तेव्हा अंधार पडत होता. मास्तर इतके जोरात बोलत होते की फोनची गरजच नव्हती. पंचांनी दोन तास वाद घातला. पण अहवालाची पहिली ओळ वाचली आणि वाद मिटला म्हणे. जो माणूस स्वतःच्या पणज्याची भिंत पोकळ आहे असं लिहितो, तो बाकीची भरीव आहे म्हणतो तर ती असणारच. पश्चिमेची भिंत उतरवायची, दगडांना आकडे घालून त्याच दगडांनी पुन्हा उभारायची. दार आहे तिथेच राहणार.

मी टाळ्या वाजवल्या, सई "येस्स!" म्हणून नाचली. काका नुसते मान हलवत होते.

"आणि ऐक," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "तो नगरचा आर्किटेक्ट नकाशा बघून खूश झालाय. दोनचार मापं त्यानं स्वतः लावून बघितली, तंतोतंत. विचारतोय, हे ए. शां. साळवे सर्व्हेयर कुठले? भिंत उतरवताना दगडन् दगड मोजायला त्यांनाच बोलवू म्हणतो. मी काय सांगू त्याला?"

काकांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मिलिंदनं सईला जवळ ओढून घेतलं.

"सांग त्याला, तिला नाही जमायचं," काका म्हणाले. "मी येतो. या वेळी मुदत वाढवत नाही."

काकांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मला लागतील थोडे दिवस. वीत मोठी आहे माझी, दर वेळी तिच्या रेघेशी थांबावं लागेल."